रस्ता रुंदीकरणात जुनी झाडं जाणार आहेत आणि निवेदनांना उत्तर नाही. सरकारला जाब कसा विचारायचा?

तुमच्या प्रश्नातून समजलं ते असं: तालुक्यातला दुपदरी रस्ता चौपदरी होणार, कडेच्या वडा-चिंचांवर रंगाने आकडे टाकून झालेत, आमदारांपासून मंत्र्यांपर्यंत निवेदनं गेलीत आणि कुणी उत्तर देत नाही.

मंत्र्यांच्या नावाचं निवेदन एकेक टेबल उतरत शेवटी कार्यकारी अभियंत्याकडेच येतं आणि 'उचित कार्यवाहीस्तव' असा शेरा घेऊन फाईलला लागतं. त्यापेक्षा ज्याच्या सहीवर काम अडतं किंवा सुटतं, त्याच्याच नावाने एक पानी अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. राज्य सरकारच्या कार्यालयांना 2005 चा दप्तर दिरंगाईचा कायदा लागू आहे. त्यानुसार फाईल एका कर्मचाऱ्याकडे एरवी 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या अर्जात हा कायदा आणि पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक, एवढंच लिहिलं तरी पुरतं.

खरी सुरुवात मात्र माहिती अधिकारापासून (आरटीआय). त्याआधी रस्ता कुणाचा ते पाहा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. पण एवढ्यावर विसंबू नका. राष्ट्रीय महामार्गाचं काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असू शकतं, सार्वजनिक बांधकामच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे असू शकतं, नाहीतर रस्ते विकास महामंडळाकडे. कामाच्या जागेवरच्या फलकावर नाव असतं. प्राधिकरण केंद्राचं, त्यामुळे त्याचा अर्ज केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर जातो. बांधकाम विभागाचा राज्याच्या पोर्टलवर. शुल्क दोन्हीकडे 10 रुपये. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, केंद्रात 500. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर कलम 6(3) प्रमाणे त्यांनी 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. व्यवहारात यातच महिना जातो.

अर्जात सर्वात जास्त चूक होते ती 'का' या शब्दाने. 'झाडं वाचवणाऱ्या आखणीचा विचार का केला नाही?' असं विचारलं की 'प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि कायद्याने ते चूकही नसतं. 'का' सोडा, कागद मागा: 'किमी 42/000 ते 58/500 मधील रुंदीकरणासाठी तपासलेल्या पर्यायी आखण्यांबाबत डीपीआरमधील (सविस्तर प्रकल्प अहवालातील) भाग, प्रमाणित प्रत.' तसा भाग नसेल तर 'अभिलेखात उपलब्ध नाही' असं लेखी येतं. पर्याय तपासलेच नाहीत याची ही सरकारचीच कबुली. कोर्टात वा सभागृहात तिचा उपयोग तुमच्या दहा पानी निवेदनापेक्षा जास्त होतो.

वेगवेगळ्या अर्जांनी चार कागद मागवा. डीपीआरमधली वाहतूक गणना, बाधित झाडांची यादी (प्रजाती, घेर, बाजू आणि साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्यावरचं नेमकं अंतर, यांसह), वृक्षतोडीचा परवानगी आदेश, आणि कंत्राटातला वृक्षलागवडीचा भाग. डीपीआरला 'व्यापारी गुपित' म्हणून कलम 8(1)(घ) खाली नकार येण्याची शक्यता बरीच आहे. कंत्राट दिल्यानंतर हा नकार फारसा टिकत नाही. तरीही नकार आलाच तर कलम 10 दाखवून गुपित भाग वगळून बाकीचा मागा. उत्तराला मुदत 30 दिवस, पहिलं अपील पुढच्या 30 दिवसांत, दुसरं 90 दिवसांत. राज्यात दोन्ही अपिलांना 20-20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. घाई असेल तर एक सोपा रस्ता आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. 2018 च्या शासन आदेशानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायला मिळतात. आधी फाईल चाळा, पान क्रमांक टिपून घ्या आणि मग नेमक्या पानांसाठी अर्ज टाका.

आता वाहतूक गणना, कारण रुंदीकरणाचा सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. रस्त्यावरची वाहनं 'पीसीयू' या एककात मोजतात, म्हणजे एक वाहन किती मोटारींच्या बरोबरीचं. मोटार 1, दुचाकी 0.5, बस किंवा ट्रक 3, ट्रॅक्टर-ट्रॉली 4.5. सपाट भागातल्या दुपदरी रस्त्याची क्षमता रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या मार्गदर्शिकेत दिवसाला 15,000 पीसीयू धरली आहे. गणना सहसा सलग 7 दिवस, 24 तास होते. ते 7 दिवस कोणते, हे आधी बघा. ऊसपट्ट्यात गाळप हंगामात मोजलं आणि दिवसाला 1,000 ट्रॉल्या गेल्या, तर नुसत्या ट्रॉल्यांचेच 4,500 पीसीयू होतात. जुलैत तोच रस्ता रिकामा असतो. म्हणून आकड्याला हंगामी दुरुस्ती गुणक लावून वर्षाची सरासरी काढायची असते. तो गुणक लावला का, कोणत्या आधारावर, आणि पुढच्या वर्षांसाठी वाढीचा दर किती धरला, हे तीन कोष्टकांत सापडतं. गुणक 1.0 असा कोरा ठेवलेला दिसला तर तुमचा मुद्दा तिथेच आहे. 'आम्हाला विकास नको' असं तुमच्या तोंडी घालणं सोपं असतं, पण 'तुमच्याच कोष्टकात हंगामी दुरुस्ती नाही' याला उत्तर द्यावं लागतं.

झाडांची मोजणी स्वतः करा. चार जण, एक टेप, एक वही, लोकेशनसह फोटो काढणारा फोन. घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर, छातीच्या उंचीला. झाडावरचा आकडा, किलोमीटर, डावी की उजवी बाजू. वडाच्या पारंब्या जमिनीत रुतून खोडासारख्या झालेल्या असतील तर मूळ खोड आणि पारंब्या वेगळ्या लिहा, नाहीतर यादीशी ताळा बसत नाही. मग सरकारी यादी शेजारी ठेवा. गडबड सहसा दोन ठिकाणी निघते: कमी घेराची झाडं यादीत धरलेलीच नसतात, किंवा 'इतर' या एकाच रकान्यात अनेक प्रजाती कोंबलेल्या असतात.

परवानगीचा कायदा कोणता ते हद्दीवर ठरतं. महापालिका-नगरपालिका हद्दीत 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा. तिथे वृक्ष अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात आणि झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज ठरवलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायचं बंधन घातलं. म्हणून झाडाचं वय कमी दाखवलंय का, यावर लक्ष ठेवा. ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा. त्याच्या सूचीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग आहेत. वड नाही. सावलीसाठी ज्याने पिढ्या पोसल्या त्यालाच संरक्षण नाही, हा आपल्या कायद्याचा विनोद. तेव्हा वडासाठी भर आखणीवर द्या. 2020 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. लोकांनी आवाज उठवला, राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्रीय रस्तेमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि आखणी बदलली. म्हणजे 'तांत्रिकदृष्ट्या अशक्य' हे वाक्य दरवेळी खरं नसतं.

जनसुनावणी मागा, असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. जरा थांबा. ही सुनावणी पर्यावरण मंजुरीच्या प्रक्रियेतच होते. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला पर्यावरण मंजुरी लागते ती लांबी 100 किमीपेक्षा जास्त असेल, आणि शिवाय जादा जमीन जुन्या आखणीवर 40 मीटर, वळणरस्त्यावर 60 मीटरपेक्षा जास्त लागत असेल तरच. राज्य महामार्गाचं रुंदीकरण डोंगराळ किंवा संवेदनशील क्षेत्र वगळता सूचीत नाहीच. त्यामुळे तुमच्या रस्त्याला सुनावणी बहुधा लागणारच नाही. तपासायचं ते हे: 100 किमीच्या आत बसावं म्हणून एकाच रस्त्याचे तुकडे पाडलेत का. उत्तराखंडातला सुमारे 900 किमीचा चारधाम रस्ता 53 कामांत विभागला गेला, प्रत्येक 100 किमीच्या आत. तुमच्या रस्त्याची पॅकेजं, म्हणजे कामाचे वेगवेगळे तुकडे, एकाच दोन शहरांना जोडतायत का, हे निविदांवरून कळतं.

मंजुरी लागत असेल तर सुनावणीची पूर्वसूचना किमान 30 दिवसांची हवी, पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश मराठीत हवा, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी हवा आणि पूर्ण चित्रीकरण हवं. बोलून झाल्यावर तोच मुद्दा लेखी द्या. इतिवृत्त त्याच दिवशी मराठीत वाचून दाखवायचं असतं, ते ऐकल्याशिवाय मंडपातून उठू नका.

जमीन जाणाऱ्यांसाठी मुदत आणखी कडक आहे. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात कलम थ्री-एची (जमीन घेण्याच्या इराद्याची) अधिसूचना आल्यापासून 21 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सहसा प्रांतांकडे, लेखी हरकत द्यावी लागते. थ्री-डीची, म्हणजे संपादनाची, अधिसूचना निघाली की जमीन सरकारची. आता हिशेब करून बघा: आरटीआयचं उत्तर 30 दिवसांनी, हरकतीची मुदत 21 दिवसांची. अधिसूचना वाचून आरटीआय टाकणारा नेहमी उशिराच पोचतो. रस्त्यावर सर्वेचे खुंटे दिसले त्याच आठवड्यात अर्ज गेले पाहिजेत.

कोर्टात जायचंच झालं तर दार चुकवू नका. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम पीठ पुण्यात आहे, भरपाई मागायची नसेल तर शुल्क 1,000 रुपये, वकिलाशिवायही बाजू मांडता येते. पण त्याचं अधिकारक्षेत्र ठरावीक कायद्यांपुरतं: पाणी, हवा, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता वगैरे. राज्याचा वृक्ष कायदा त्यात नाही, वन्यजीव कायदाही नाही. नुसत्या वृक्षतोडीचं प्रकरण घेऊन तिथे गेलात तर महिने वाया जातील, त्यासाठी उच्च न्यायालय. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील 30 दिवसांत, उशीर माफ झाला तरी एकूण 90. त्यापुढे न्यायाधिकरणाचाही इलाज चालत नाही.

आणि निकालाच्या दिवशी तयारीत राहा. मुंबईच्या आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने शुक्रवारी, 4 ऑक्टोबर 2019 ला फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने सोमवारी 'जैसे थे' सांगितलं तोवर 2,141 झाडं पडली होती. याचिका फेटाळली तर तोडीला काही दिवसांची स्थगिती मिळावी, ही विनंती वकिलाने निकाल लागताच तिथल्या तिथे करायची असते.

आमदारांकडेही जा, पण 'लक्ष घाला' म्हणू नका. तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) मसुदाच हातात द्या, त्यात तुमच्या आरटीआय उत्तराचा क्रमांक आणि तारीख घाला. मंत्री सभागृहात 'तपासून घेतो' म्हणाले तर ते आश्वासन समितीच्या नोंदीत येतं आणि विभागाला त्याचा पाठपुरावा द्यावा लागतो.

झाडं पडलीच तर विषय सोडू नका. केंद्राच्या 2015 च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्प खर्चाच्या 1% लागवडीसाठी ठेवले आहेत. एका वर्षाने कंत्राटदाराची लागवड-देयकं आणि मोजमाप पुस्तिकेची पानं मागवा, आणि मे महिन्यात रोपं मोजायला जा. पावसाळ्यात गेलात तर गवतसुद्धा रोप म्हणून मोजलं जातं.