जुने सॉफ्टवेअर डेटाबेसशी जोडले जात नाही तेव्हा

वाचकांचे प्रश्न : सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेली पत्रे

या अंकासाठी निवडलेल्या चारपैकी तीन पत्रांत तक्रार जवळपास सारखीच आहे. पूर्वी कोणाकडून तरी लिहून घेतलेले सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे नीट चालत होते, मग संगणक बदलला, राउटर बदलला किंवा वीज गेली, आणि डेटाबेस उघडेनासा झाला. अशा वेळी बहुतेकदा माहिती जागेवर शाबूत असते. तिच्यापर्यंत जाणारी वाट कोठेतरी तुटलेली असते. म्हणून काहीही पुसण्यापूर्वी किंवा नव्याने बसवण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. डेटाबेसच्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि पडद्यावरील एरर संदेशाचा फोटो काढून ठेवावा. तो संदेश इंग्रजीत आणि किचकट असला, तरी वाट कोणत्या टप्प्यावर तुटली हे तोच सांगतो.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे आडत दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि खरेदीदारांची बिले करण्याचे सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये केलेले असून डेटा ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामच्या एमडीबी फाइलमध्ये आहे. नवा संगणक घेतल्यावर ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड अँड नो डिफॉल्ट ड्रायव्हर स्पेसिफाइड’ असा संदेश येतो. डीएसएन (डेटाबेस कोठे आहे आणि तो कोणत्या ड्रायव्हरने उघडायचा याची विंडोजमधील नावाची नोंद) करताना यादीत ॲक्सेसचा ड्रायव्हर (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा दुवा) दिसेना, म्हणून तंत्रज्ञाने इंटरनेटवरून ६४ बिटचा ड्रायव्हर बसवून त्याच नावाने डीएसएन केला. तरीही तोच संदेश येतो. आता सॉफ्टवेअरच नवे घ्यावे का?

उत्तर : केवळ या कारणासाठी नवे सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. आपल्या तंत्रज्ञांनी डीएसएन केला तो योग्यच होता, परंतु तो चुकीच्या बाजूला नोंदला गेला. विंडोजवर ३२ बिट आणि ६४ बिट असे दोन प्रकारचे प्रोग्राम चालतात आणि दोघांच्या नोंदी वेगळ्या असतात. व्हिज्युअल बेसिक ६ ही १९९८ सालची भाषा असून तिच्यात तयार झालेला प्रत्येक प्रोग्राम ३२ बिटचा असतो. आपला नवा संगणक आणि त्यावरील विंडोज ६४ बिटचे असले तरी प्रोग्राम ३२ बिटचाच राहतो, आणि तो ड्रायव्हर व सिस्टिम डीएसएन फक्त ३२ बिटच्या नोंदींत शोधतो. ६४ बिटच्या बाजूला केलेला सिस्टिम डीएसएन त्याला दिसतच नाही. टास्क मॅनेजर उघडून प्रोग्रामच्या नावापुढे ‘३२ बिट’ असे लिहिलेले आहे का हे पाहिल्यास आपली खात्री होईल.

आता गंमत अशी की ॲक्सेसच्या एमडीबी फाइलसाठी लागणारा ३२ बिटचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. तो यादीत दिसला नाही, कारण ६४ बिटची यादी उघडली गेली होती, आणि तिच्यात मुळात एसक्यूएल सर्व्हरखेरीज फारसे काही नसते. विंडोजच्या शोधपट्टीत ‘ओडीबीसी’ (प्रोग्राम आणि डेटाबेस यांना जोडणारी विंडोजची सोय) लिहिल्यावर दोन नोंदी दिसतात. त्यांपैकी ज्याच्यापुढे ३२ बिट लिहिले आहे ती निवडावी. विंडोज ७ असल्यास मात्र अशा दोन वेगळ्या नोंदी दिसत नाहीत. तेथे सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरात ‘सिसवॉव६४’ या नावाच्या फोल्डरातील ‘ओडीबीसीएडी३२’ ही फाइल स्वतः जाऊन उघडावी लागते. याच नावाची दुसरी फाइल ‘सिस्टिम३२’ फोल्डरात आहे आणि ती ६४ बिटची आहे. नावे पाहता नेमके उलटे वाटते, आणि जाणकार माणसेही येथे फसतात.

उघडलेल्या खिडकीत ‘यूजर डीएसएन’ न निवडता ‘सिस्टिम डीएसएन’ निवडावा. यूजर डीएसएन ज्या विंडोज खात्यातून केला त्याच खात्याला दिसतो, त्यामुळे तंत्रज्ञाने आपल्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून केलेली जोडणी आपल्या मुनीमजींच्या खात्यात सापडत नाही. डीएसएनचे नाव जुन्या संगणकावर जसे होते तसेच, मधल्या मोकळ्या जागेसह, लिहावे. ६४ बिटच्या बाजूला आधी केलेला डीएसएन काढून टाकलेला बरा, म्हणजे पुढे कोणाचा गोंधळ होणार नाही.

एक आणखी अडचण आपल्याला लगेच पुढे भेटण्याची शक्यता आहे, म्हणून आताच सांगतो. डेटा दुसऱ्या संगणकावर असेल आणि तो झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असेल, तर प्रोग्रामला ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ लावू नये. तसे केल्यावर प्रोग्राम वेगळ्या अधिकारांत सुरू होतो, त्याला आपण जोडलेला झेड ड्राइव्ह सहसा दिसत नाही आणि ‘नॉट अ व्हॅलिड पाथ’ असा नवाच संदेश येऊ लागतो. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी संगणकाचे नाव आणि शेअर केलेल्या फोल्डरचे नाव असा पूर्ण पत्ता दिल्यास ही अडचण येत नाही. तो जुना संगणक विंडोज एक्सपीवर असेल, तर मात्र नवा संगणक त्याच्याशी बोलणारच नाही, कारण एक्सपीला समजणारी एसएमबी १ ही फाइल-देवाणघेवाणीची पद्धत विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून नव्या बसवणीत मुळातच बंद ठेवलेली असते. ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला आपल्याला अनेक जण देतील, पण तो मानू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम याच पद्धतीतील दोषाचा फायदा घेऊन पसरला होता. त्यापेक्षा डेटाची फाइल नव्या संगणकावर हलवावी.

प्रश्न : कराडला आमचे औषधांचे दुकान आहे. सकाळी वडील बिले करतात आणि दुपारनंतर मी बसतो. संगणक एकच आहे, पण दोघांची विंडोज खाती वेगळी आहेत. वडिलांनी केलेली बिले मला दिसत नाहीत आणि माझी त्यांना दिसत नाहीत. साठा तर कधीच जुळत नाही. एरर मात्र कोणताही येत नाही.

उत्तर : एरर न येणारी जोडणी सर्वांत घातक असते, कारण प्रोग्राम जोडला जातो, पण चुकीच्या फाइलशी. आपले सॉफ्टवेअर आणि त्याचा डेटा दोन्ही ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरात असणार. विंडोज व्हिस्टापासून साध्या खात्याला त्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी नाही. जुने ३२ बिटचे प्रोग्राम यामुळे बंद पडू नयेत, म्हणून विंडोज त्यांनी लिहायला घेतलेल्या फाइलची एक प्रत त्या खात्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात, ‘लोकल’च्या आत ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या ठिकाणी करते, आणि पुढे तो प्रोग्राम त्या खात्यातून तीच प्रत वाचत व लिहीत राहतो. त्याला याचा पत्ता नसतो. म्हणजे आपल्या दुकानात आज बहुधा तीन डेटाबेस आहेत : एक मूळचा, जवळजवळ न बदललेला, एक वडिलांचा आणि एक आपला.

प्रथम या तिन्ही फाइल शोधून, कोणाची आहे हे नावात लिहून, वेगळ्या ठिकाणी जपून ठेवाव्यात. ‘ॲपडेटा’ हे फोल्डर लपवलेले असते, त्यामुळे फाइल एक्स्प्लोररमध्ये लपलेल्या वस्तू दाखवण्याची खूण आधी करावी लागेल. त्यानंतर सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून, त्यावर दोन्ही खात्यांना बदल करण्याची परवानगी देऊन, ज्या फाइलमध्ये जास्त नोंदी आहेत ती तेथे ठेवावी आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये किंवा सेटिंग साठवणाऱ्या आयएनआय फाइलमध्ये नवा पत्ता लिहावा. पत्ता बदलण्याची सोयच नसेल, तर प्रोग्रामच्या फोल्डरावर दोन्ही खात्यांना तशीच परवानगी द्यावी, दोन्ही व्हर्च्युअलस्टोअरमधील प्रती तेथून हलवाव्यात आणि निवडलेली फाइल मूळ जागी ठेवावी. तेथे थेट लिहिता येऊ लागले की विंडोज नवी प्रत करत नाही. दुसऱ्या फाइलमधील बिले मात्र आपोआप मिसळणार नाहीत. ती छापील प्रतींवरून पुन्हा भरणे कंटाळवाणे असले तरी औषधांच्या बॅच क्रमांकांचा आणि मुदतीच्या तारखांचा प्रश्न असल्यामुळे तेच करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्न : कोरेगाव येथील एका पतसंस्थेत मी लिपिक आहे. सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मोफत डेटाबेस सर्व्हरवर चालते. गेल्या आठवड्यात इंटरनेटवाल्याने राउटर बदलला आणि तेव्हापासून दोन काउंटरवर ‘एसक्यूएल सर्व्हर डझ नॉट एक्झिस्ट ऑर ॲक्सेस डिनाइड’ असा संदेश येतो. सचिवांच्या संगणकावर, जेथे डेटा आहे, तेथे सर्व ठीक चालते. फायरवॉल (नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी विंडोजची सुरक्षा) पूर्ण बंद करण्याचा सल्ला मिळाला आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : ठेवीदारांचे पैसे ज्या संगणकावर मोजले जातात त्याची फायरवॉल पूर्ण बंद करणे योग्य नाही, आणि त्याची गरजही पडणार नाही. सचिवांच्या संगणकावर सॉफ्टवेअर चालते, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरची सेवा सुरू आहे आणि डेटा सुरक्षित आहे. दोष काउंटरपासून त्या संगणकापर्यंतच्या वाटेत आहे.

राउटर बदलला की दोन गोष्टी एकदम बदलतात. पहिली म्हणजे संगणकांचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरील त्यांचे क्रमांक. जुना राउटर सचिवांच्या संगणकाला समजा १९२.१६८.१.१० हा पत्ता देत असेल आणि नव्याने १९२.१६८.०.५ दिला असेल, तर काउंटरवरील सॉफ्टवेअर अजून जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहते. सचिवांच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन आजचा पत्ता पाहावा आणि काउंटरच्या सेटिंगमधील पत्त्याशी ताडावा. फरक असल्यास नव्या राउटरमध्ये त्या संगणकासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा व तोच सॉफ्टवेअरमध्ये लिहावा. नुसता आजचा पत्ता लिहून भागवले, तर काही दिवसांनी हेच पत्र पुन्हा लिहावे लागेल.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. विंडोज नव्या राउटरचे नेटवर्क हे संपूर्ण अनोळखी नेटवर्क मानते आणि बहुधा त्याला ‘पब्लिक’ ठरवते. पूर्वी फायरवॉलमध्ये एसक्यूएल सर्व्हरसाठी केलेली सवलत फक्त ‘प्रायव्हेट’ नेटवर्कसाठी असेल, तर ती त्या क्षणापासून निरुपयोगी होते. सचिवांच्या संगणकावर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करावे. माझा अंदाज आहे की आपले काम येथेच होईल.

तरीही न झाल्यास पोर्ट, म्हणजे संगणकात शिरण्याचे क्रमांकाचे दार, पाहावा. एसक्यूएल सर्व्हरचा नेहमीचा पोर्ट टीसीपी १४३३ आहे, पण एक्स्प्रेस आवृत्ती बहुधा स्वतंत्र नाव देऊन (‘नेम्ड इन्स्टन्स’ म्हणून) बसवलेली असते आणि तिचा पोर्ट बदलता असतो. अशा वेळी काउंटरचा संगणक आधी यूडीपी १४३४ वर ‘एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर’ या सेवेला विचारतो. चौकशीच्या खिडकीवर विचारून मग योग्य टेबलाकडे जावे तसे हे आहे. ती सेवा बंद असेल किंवा फायरवॉल तिला अडवत असेल तर पुढची वाटच कळत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी-आयपी (नेटवर्कवरून जोडण्याची पद्धत) चालू आहे का हे पाहून, पोर्ट १४३३ असा कायम करून, सेवा पुन्हा सुरू करून, फायरवॉलमध्ये फक्त त्या पोर्टला प्रायव्हेट नेटवर्कपुरती परवानगी द्यावी. त्यानंतर काउंटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या पत्त्यानंतर स्वल्पविराम देऊन १४३३ लिहिल्यास चौकशीचा टप्पाच वगळला जातो. काउंटरवर पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा पत्ता आणि पोर्ट देऊन चालवली की वाट खुली झाली की नाही ते कळते. नुसत्या ‘पिंग’वर विसंबू नये, कारण विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देणे अडवू शकते आणि डेटाबेसची वाट त्याच वेळी खुली असू शकते.

या खटपटीत संदेश बदलून ‘लॉगिन फेल्ड’, क्रमांक १८४५६, असा आला तर घाबरू नये. सर्व्हरने आपली हाक ऐकली, फक्त नाव किंवा पासवर्ड नाकारला, असा त्याचा अर्थ आहे. आणि राउटरमधून १४३३ हा पोर्ट बाहेरच्या इंटरनेटसाठी उघडून ‘घरूनही काम करता येईल’ असे कोणी सुचवले, तर संचालक मंडळाने त्यास स्पष्ट नकार द्यावा.

प्रश्न : तासगावजवळ आमचे बेदाण्याचे कोल्ड स्टोअरेज आहे. काम चालू असताना लाईट गेली आणि आता ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ असे येते. तीन संगणक वायफायने एकाच एमडीबी फाइलवर काम करतात.

उत्तर : एमडीबी फाइलचा कोणी राखणदार नसतो, प्रत्येक संगणक स्वतःच नेटवर्कवरून तिच्यात लिहितो, आणि मधेच वीज किंवा वायफाय गेले तर लिहिणे अर्धवट राहते. सर्व संगणकांवरून सॉफ्टवेअर बंद करून फाइलची प्रत घ्यावी आणि त्या प्रतीवरच ॲक्सेसमधील ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवावे. त्याने काम न झाल्यास कोरी फाइल घेऊन तिच्यात एकेक टेबल आयात करून पाहावे. बहुधा एखादेच टेबल अडते. त्याआधी एक चौकशी अवश्य करावी : कोणी ती फाइल नव्या ॲक्सेसमध्ये उघडून नव्या प्रकारात बदलली तर नाही ना? जुना प्रोग्राम तेव्हाही हाच संदेश देतो, आणि मग दुरुस्तीचा काही उपयोग नसतो, जुनी प्रत परत ठेवावी लागते.

तिन्ही संगणक केबलने जोडावेत, डेटा असलेल्या संगणकाला यूपीएस द्यावा आणि फाइलचा आकार २ जीबीच्या जवळ जाऊ देऊ नये, कारण एमडीबीची मर्यादा तेवढीच आहे. रोजची प्रत त्याच इमारतीत ठेवू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आपल्या जिल्ह्यात याचे कारण सांगावे लागत नाही. दुरुस्त केलेली फाइल वापरात घेण्यापूर्वी लाईट गेली त्या दिवसाच्या सर्व लॉटच्या आवक-जावक नोंदी गेटपासच्या पुस्तकाशी एकेक करून ताडाव्यात, कारण दुरुस्तीच्या वेळी न वाचता आलेल्या नोंदी गाळल्या जाऊ शकतात, आणि त्या सहसा शेवटी भरलेल्या असतात.