पिट्सबर्ग पायरेट्सला येत्या हंगामात कितपत संधी आहे? बेसबॉल नव्याने पाहणाऱ्याने हा संघ धरावा का?

संधी फारशी नाही. 2025 मध्ये संघाने 71 सामने जिंकले आणि 91 गमावले. पॉल स्कीन्ससारखा पिचर (चेंडू टाकणारा) 1.97 ईआरए (दर नऊ डावांमागे त्याच्या खाती पडलेल्या धावांची सरासरी; कमी तितकी चांगली) राखून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवतो आणि तरीही त्याच्या नावावर दहा विजयांसमोर दहा पराभव लागतात, यावरून फलंदाजीची अवस्था कळावी. 2026 मध्ये स्कीन्स तंदुरुस्त राहिला आणि बाकीच्यांनी बॅट नीट चालवली, तर विजय-पराभव बरोबरीत येतील; त्यापलीकडे मी आशा धरत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र माझे मेहुणे मला कित्येक वर्षे विचारत आले आहेत. ते न्यू जर्सीचे, म्हणजे अर्थातच न्यू यॉर्क यँकीज या संघाचे. 1993 ते 2012 असे सलग 20 हंगाम पायरेट्सने विजयांपेक्षा पराभव अधिक पाहिले, हे ते प्रत्येक दिवाळीच्या जेवणात पानावर बसल्या बसल्या न चुकता ऐकवतात. 1887 पासून नॅशनल लीगमध्ये असलेला हा संघ पाच वेळा जगज्जेता ठरला आहे, असे मी म्हणालो, की "शेवटचे कधी?" हा प्रश्न ठरलेला. उत्तर 1979 असल्यामुळे मी मुकाट्याने वरण वाढून घेतो.

एका वर्षी ते 13 ऑक्टोबरला आमच्याकडे होते. मी त्यांना काही न सांगता पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात विद्यापीठाजवळ घेऊन गेलो. तिथे पाडलेल्या फोर्ब्स फील्ड या पायरेट्सच्या जुन्या मैदानाच्या भिंतीचा वेलींनी झाकलेला तुकडा अजून उभा आहे आणि दर वर्षी त्या दिवशी लोक घडीच्या खुर्च्या टाकून 1960 च्या जगज्जेतेपदाच्या मालिकेतील यँकीजविरुद्धच्या सातव्या, निर्णायक सामन्याचे रेडिओवरील धावते वर्णन पुन्हा पहिल्यापासून ऐकतात. निकाल पासष्ट वर्षांपूर्वी लागलेला असूनही आठव्या डावात शेजारच्या आजोबांनी टोपी काढून मुठीत चुरगाळली होती. 3 वाजून 36 मिनिटांनी पायरेट्सच्या बिल मॅझेरॉस्कीने मारलेला चेंडू भिंतीपलीकडे गेला, 10-9 झाले आणि सगळे उठून उभे राहिले. मेहुणेही उठले, कदाचित केवळ शिष्टाचार म्हणून. त्या मालिकेत यँकीजने 55 धावा काढल्या होत्या आणि पायरेट्सने 27, तरी करंडक इथेच राहिला, हे मी त्यांना परतताना गाडीत सांगितले. ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

तेव्हा संघ जरूर धरा. एक मान्य केले पाहिजे: बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या एकूण पगारावर पक्की मर्यादा नाही आणि आमचे मालक हात आखडता घेतात, ही मेहुण्यांची तक्रार खरी आहे. चांगला खेळाडू इथे टिकेल, अशी खात्री कोणी देऊ नये. मी पक्षपाती आहे, हेही ध्यानात घ्या. पीएनसी पार्क या संघाच्या आताच्या मैदानाचे तिकीट काढाल तेव्हा तिसऱ्या बेसच्या बाजूचे काढा. सामना हातचा गेला, तरी समोर नदी आणि पायरेट्सचे जुने खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या नावाचा पूल दिसत राहतो.