लिव्हिंग विल: उतारवयाची वाट कशाला पाहायची?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक): माझे वय ३६ आहे. सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो. पत्नी शिक्षिका आहे, मुलगी सहा वर्षांची आहे. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या काकांना मेंदूत रक्तस्राव झाला आणि ते अखेरपर्यंत शुद्धीवर आले नाहीत. व्हेंटिलेटर चालू ठेवावा की नाही यावर काकू, चुलतभाऊ आणि आत्या यांचे एकमत झाले नाही, आणि तेव्हा धरलेला अबोला अजूनही सुटलेला नाही. तेव्हापासून आपले लिव्हिंग विल, म्हणजे आपल्याला स्वतः सांगता येत नसेल तेव्हा कोणते उपचार करावेत आणि कोणते थांबवावेत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, करून ठेवावे असे मला वाटते, पण विषय काढला की आई म्हणते, "भरल्या घरात असले अभद्र बोलू नये." या वयात हे करणे योग्य आहे का?

उत्तर: योग्य आहे, किंबहुना तुमच्या वयात त्याची गरज अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने "मला फार दिवस अंथरुणात खितपत ठेवू नका" असे घरात कधी ना कधी बोलून दाखवलेले असते. छत्तिशीतला माणूस यातले काहीच बोललेला नसतो, आणि त्याचे हृदय व फुप्फुसे धडधाकट असल्यामुळे मेंदूला कायमची इजा झाली तरी शरीर वर्षानुवर्षे तग धरू शकते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी प्राणघातक हल्ला झाला तेव्हा त्या अवघ्या २५ वर्षांच्या होत्या. त्यांचे निधन झाले १८ मे २०१५ रोजी. त्यांना अन्न देणे थांबवून मरू द्यावे, अशा त्यांच्या वतीने दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला, तेव्हा त्यांना जगू द्यावे हे त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचे म्हणणे न्यायालयाने मानले. पण खुद्द अरुणाताईंना काय हवे होते, हे सांगणारा एकही कागद कोणापाशी नव्हता. अमेरिकेत ज्या खटल्यांमुळे हा विषय घराघरांत पोहोचला, त्यांतील करेन क्विनलन २१, नॅन्सी क्रुझन २५ आणि टेरी शायव्हो २६ वर्षांच्या असताना त्यांची शुद्ध हरपली होती. शायव्हो यांचे पती आणि आईवडील अनेक वर्षे न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहिले, आणि वाद मुख्यतः हाच होता की तिची स्वतःची इच्छा नेमकी काय होती.

तुमच्या काकू, चुलतभाऊ आणि आत्या यांपैकी कोणाचेही चुकले, असे मला वाटत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर फक्त काका देऊ शकले असते, ते त्या तिघांना अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहून द्यावे लागले. लेखी इच्छा नसेल तर जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने आणि वैद्यकीय मंडळांच्या मतानुसार निर्णय घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. परंतु "मी बाबांचा श्वास थांबवला" ही टोचणी त्या संमतीबरोबर मुलांच्या मनात राहते, आणि ती पुसता येत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, अंतर्भूत असल्याचे मान्य केले आणि अशा पूर्वलेखी इच्छापत्राला मान्यता दिली. सज्ञान आणि विचार करण्यास समर्थ असलेली कोणतीही व्यक्ती ते स्वखुशीने करू शकते. रुग्णाचा आजार बरा होण्याची आशा उरलेली नसेल, उपचार दीर्घकाळ चालू असतील आणि त्याला स्वतः निर्णय घेता येत नसेल, तेव्हाच ते विचारात घेतले जाते. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ, आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेल्या डॉक्टरांसह दुसरे मंडळ, या दोघांचेही मत त्यासाठी लागते, व प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत ते द्यावे अशी अपेक्षा आहे. म्हणजे तुमचा कागद पाहून कोणी एक डॉक्टर किंवा नातेवाईक परस्पर नळ्या काढील, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

मजकूर लिहिताना मात्र फार काळजी घ्या. "मला मशीनवर ठेवू नये" एवढेच वाक्य पुष्कळ जण लिहितात आणि तेच घातक ठरू शकते. तीव्र न्यूमोनियात किंवा अपघातानंतर काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून तुमच्या वयाची माणसे चालत घरी जातात. तो उपचार तुम्हाला हवाच आहे. शिवाय मजकूर संदिग्ध असेल तर मंडळे तो अमलात आणत नाहीत. म्हणून साधारण असे लिहावे: "उपचारांनी मी बरा होण्याची शक्यता असेपर्यंत व्हेंटिलेटरसह सर्व उपचार करावेत. परंतु मी पुन्हा शुद्धीवर येऊन माझ्या माणसांना ओळखण्याची आशा उरलेली नाही असे दोन्ही वैद्यकीय मंडळांचे मत झाल्यास व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि हृदय पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न थांबवावेत. वेदना आणि धाप कमी करणारी औषधे व शुश्रूषा शेवटपर्यंत चालू ठेवावी." नळीवाटे अन्न देण्याबाबतही आपले मत स्वतंत्रपणे लिहा, कारण घरातील मतभेद बहुधा तिथेच होतात. हा मसुदा तुमच्या डॉक्टरांना दाखवा, आणि मग आईंना त्यातले पहिले वाक्य आधी वाचून दाखवा. आयुर्विम्याच्या अर्जावर वारसाचे नाव लिहिताना आपण अभद्र बोलतो असे कोणी मानत नाही. हेही त्याच काळजीपोटी केलेले काम आहे.

प्रश्न (सिन्नर): मी ७१ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. यजमान हयात नाहीत. मुलगा पुण्यात आणि मुलगी अमेरिकेत असते. माझे मृत्युपत्र झालेले आहे. त्यातच दोन ओळी वाढवल्या तर चालेल का? यासाठी न्यायालयात जावे लागते असे ऐकले. नाशिकला फेऱ्या मारणे आता जमत नाही.

उत्तर: बाई, मृत्युपत्र उघडले जाते ते माणूस गेल्यावर, रुग्णालयात त्याचा काहीच उपयोग नाही, म्हणून हा कागद वेगळा हवा. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट २०१८ च्या निकालात होती आणि तिच्यामुळे हे काम अवघड होऊन बसले होते. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती काढून टाकली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित केला की पुरे. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत. तुमच्या शाळेतील जुन्या सहकारी त्यासाठी उत्तम.

तुमच्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावे देता येतात. मुलगा आणि मुलगी दोघांचीही द्या, पण मतभेद झाल्यास कोणाचा शब्द अखेरचा, हे स्पष्ट लिहा. सिन्नरला चार-पाच तासांत पोहोचू शकणाऱ्या मुलाला तो अधिकार देणे मला व्यवहार्य वाटते. मात्र मुलीला तसे आधी फोनवर सांगा, तिला ते ऐनवेळी कळू नये.

एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांना आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. तुमच्यासाठी ती संस्था म्हणजे सिन्नर नगरपरिषद. नाशिक शहरातील वाचकांनी महापालिकेत आणि खेड्यातील वाचकांनी ग्रामपंचायतीत द्यावी. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला याची माहिती नसेल तर आरोग्य विभागात लेखी अर्जासह प्रत द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये. रात्री दोन वाजता लॉकर उघडत नाही. मत बदलले तर तो लेखी रद्द करता येतो, आणि एकाहून अधिक असल्यास सर्वांत अलीकडे सही केलेला ग्राह्य धरतात.

प्रश्न (पंचवटी): वडील म्हणतात की ही आत्महत्याच आहे आणि ती धर्माला मान्य नाही. त्यांना काय सांगावे?

उत्तर: इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे आपल्या देशात आजही गुन्हाच आहे, आणि लिव्हिंग विलमध्ये तशी मागणी करताच येत नाही. बरे न करणारे उपचार थांबवून आजाराला त्याच्या क्रमाने जाऊ देणे, एवढेच यात येते. आचार्य विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे अन्न आणि औषध नाकारून देह ठेवला. लिव्हिंग विलची मागणी त्याहून पुष्कळच मर्यादित आहे, हे वडिलांना सांगून पाहा. तरीही त्यांना पटले नाही तर आग्रह धरू नका. "काहीही झाले तरी सर्व उपचार शेवटपर्यंत चालू ठेवावेत" ही त्यांची इच्छाही तेवढ्याच आदराने लिहून ठेवा. पुढे मुलांना तिचा आधार होईल.

प्रश्न (नाशिकरोड): अवयवदानाची इच्छा यातच लिहिली तर चालते का?

उत्तर: उल्लेख जरूर करा, पण अवयवदानासाठी १९९४ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याचा प्रतिज्ञा अर्ज वेगळा भरावा लागतो. मेंदू मृत झाल्यावर अवयव काढेपर्यंत व्हेंटिलेटर चालू ठेवावा लागतो. तेव्हा "अवयवदानासाठी आवश्यक तेवढा वेळ व्हेंटिलेटर चालू ठेवण्यास माझी संमती आहे" हे वाक्य त्यात घालायला विसरू नका.