संवर्धन आधी, यंत्र नंतर

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत राहून लिपिड (मेद व मेदासारखे पदार्थ) कसे मिळवतो, या विषयावर प्रकल्प करण्याची संधी आली आहे. मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणे) शिकावी की फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपी (चमकणारी खूण जोडून रेणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे)? पुढची वाट अरुंद तर होणार नाही ना?

उत्तर : तुम्ही यंत्रांविषयी विचारले आहे, परंतु माझ्या मते आधी परजीवीचे संवर्धन, म्हणजे तो प्रयोगशाळेत वाढवणे, हातात बसवावे. प्लाझमोडियम फाल्सिपॅरम हा हिवतापाचा परजीवी मानवी रक्तपेशींत सतत वाढवण्याची पद्धत ट्रेगर आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये दिली, आणि आजही सारे काही तिच्यावरच उभे आहे. परजीवीचे चक्र सुमारे ४८ तासांचे असते आणि लिपिडची गरज अवस्थेनुसार बदलते. त्यामुळे सॉर्बिटॉल (वाढलेल्या अवस्थेतील परजीवी मारणारे एक शर्करा-अल्कोहोल) वापरून परजीवी एकाच अवस्थेत आणले नाहीत, तर हाती येणारा आकडा ही सगळ्या अवस्थांची केवळ सरासरी ठरते.

फ्लुरोसंट लिपिड पेशीत चमकलेले दिसले की विद्यार्थी हुरळून जातात. पण ती चमक बाहेरच्या पटलाला नुसती चिकटलेलीही असू शकते. म्हणून पेशी मेदाम्लविरहित अल्ब्युमिनने (लिपिड ओढून घेणाऱ्या रक्तातील प्रथिनाने) थंड स्थितीत धुवाव्या लागतात आणि संसर्ग नसलेल्या पेशींवरही तोच प्रयोग करावा लागतो, कारण निरोगी तांबडी पेशीदेखील प्लाझ्माशी काही लिपिडांची देवाणघेवाण करते. शिवाय चमकणारा रेणू जोडल्यावर ते लिपिड नैसर्गिक लिपिडासारखेच वागेल, याची खात्री नसते. कार्बन-१४ ही किरणोत्सर्गी खूण असलेल्या मेदाम्लाला ही अडचण येत नाही. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलने लिपिड वेगळे काढून थिन लेयर क्रोमॅटोग्राफी (पातळ थरावर लिपिडांचे प्रकार वेगळे करणे) केली, की त्या मेदाम्लाचे फॉस्फोलिपिड (पटलातील लिपिड) झाले की ट्रायग्लिसराइड (साठवणीचा मेद), हे कळते. ते पेशीत नेमके कुठे गेले, हे मात्र कळत नाही. त्यासाठी पुन्हा मायक्रोस्कोपच लागतो.

तेव्हा छोट्या प्रकल्पासाठी मी मायक्रोस्कोपी आणि थिन लेयर क्रोमॅटोग्राफी ही जोडी सुचवेन. मास स्पेक्ट्रोमीटर बहुधा दुसरेच कोणी चालवते आणि तुमच्या हाती फक्त फाइल येते. वाट अरुंद होण्याची भीती नको. पेशीसंवर्धन, लिपिड विश्लेषण आणि प्रतिमांचे मोजमाप ही कौशल्ये औषधसंशोधनातही चालतात.

होकार देण्यापूर्वी मार्गदर्शकांना तीन गोष्टी विचाराव्यात : परजीवी वाढवण्याच्या माध्यमात सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) वापरतात की लिपिडयुक्त अल्ब्युमिन, कारण त्यातील लिपिड तुमच्या खूण केलेल्या लिपिडाशी स्पर्धा करते, मानवी रक्त हाताळण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस दिली जाते का, आणि सुटीच्या दिवशी संवर्धन कोण सांभाळते.