‘आत्मपूर्ती’ नको, ‘लागणे’ बघा

एका शिक्षिकेनं विचारलंय: शाळेच्या पालकसभेचं निमंत्रण लिहायचं आहे. मुलाचं यश टक्के आणि नोकरीवर न मोजता, शिकण्यातून त्याचं त्याला काय गवसतं यावर मोजावं, असा विषय आहे. ‘सक्सेस’ला यश आहे, ‘फुलफिलमेंट’ला काय म्हणायचं? ‘आत्मपूर्ती’ चालेल का? आणि ‘यशस्वीता’ लिहायचं की ‘यशस्विता’?

आधी ‘आत्मपूर्ती’. मला विचाराल तर नको. आपल्याकडे पूर्ती इच्छेची होते, वचनाची होते, स्वप्नाची होते. म्हणजे आधी ठरलेलं काहीतरी पुरं होतं. आत्म्याची पूर्ती वाचून पालकांना वाटेल, शाळेनं ध्यानधारणेचं शिबिर ठेवलंय.

‘कृतार्थता’ त्याहून बरा. यातला अर्थ म्हणजे पैसा नव्हे, प्रयोजन. ज्याचं प्रयोजन साधलं तो कृतार्थ. शब्द देखणा आहे, पण त्याला वय आहे. तो एकसष्टीच्या सत्काराला शोभतो. अकरावीतल्या मुलीला आत्ताच कृतार्थ करून ठेवलं तर तिनं पुढं करायचं काय? ‘समाधान’ची अडचण वेगळी. ‘समाधान मानणे’ या प्रयोगात थोडी माघार असते. ‘साठ टक्क्यांवर समाधान मानलं’ म्हटलं की पुढचा सुस्काराही ऐकू येतो.

खरी गंमत ‘यश’ या शब्दातच आहे. संस्कृतात यशस् म्हणजे कीर्ती, नावलौकिक. हिंदीत आजही ‘यशस्वी प्रधानमंत्री’ म्हणतात ते कीर्तिमान या अर्थानं. काम फत्ते होण्याला तिकडे सफलता किंवा कामयाबी. मराठीत यश त्या अर्थाकडे सरकलं. डॉक्टरच्या हाताला यश असतं, म्हणजे रोगी बरा होतो. पण जुना अर्थ पुरता गेलेला नाही. ‘अपयशाचा धनी’ होतो त्याच्या पदरी नुसतं हरणं येत नाही, बोलही येतो. पोरानं काही मिळवलं की ‘आईबापांचं नाव काढलं’ म्हणतो, आणि नाही मिळवलं की ‘काय दिवे लावलेस’. दोन्हीकडे बघायला चारचौघं हजर. म्हणून ‘यशाची नवी व्याख्या’ हे शीर्षक मला अवघड वाटतं. या शब्दाच्या पोटातच लोक बसलेत. त्याला ‘तुझं तुझ्यापुरतं’ असं वळण द्यायला बराच जोर लावावा लागेल.

मग नाम शोधणं सोडा आणि क्रियापदाकडे या. मुलांच्या बाबतीत आपण खरं तर नामानं बोलतच नाही. आपण म्हणतो, ‘मुलगा नोकरीला लागला’, ‘मार्गी लागला’, ‘पोटापाण्याला लागला’. (‘सेटल झाला’ ही त्याचीच शहरी आवृत्ती.) आता दुसरी वाक्यं बघा: ‘मुलाला वाचनाची गोडी लागली’, ‘तिला तबल्याचा नाद लागला’, ‘त्याला यंत्रं उघडून बघायचं वेड लागलं’. क्रियापद तेच, लागणे. फक्त ‘ला’ची जागा बदलली. पहिल्या वाक्यात नोकरी आधीपासून उभी आहे आणि मुलगा जाऊन तिला लागतो, ‘ला’ नोकरीला. दुसऱ्यात मूल जागेवरच आहे आणि गोडी येऊन त्याला लागते, तहान लागावी तशी. ‘ला’ मुलाला, आणि क्रियापद चालतं ते गोडीच्या लिंगानं. तुमच्या सभेचा विषय या एका ‘ला’त मावतो. ‘तिला नाद लागला’ आणि ‘ती कुणाच्या तरी नादी लागली’ यांतला फरक तर कुठल्याही आईला विचारा.

दुसरं क्रियापद रमणे. ‘कशात रमतो हा?’ या प्रश्नाला टक्क्यांत उत्तर देता येत नाही, आणि उत्तर द्यायचं तर मुलाकडे निदान आठवडाभर बघावं लागतं.

शाळेच्याच भाषेतला आणखी एक शब्द जाताजाता. ‘गुण’ म्हणजे आधी अंगचा विशेष. औषधाचा गुण येतो, पोवळ्याला ढवळ्याचा गुण लागतो (इथंही लागणेच). मार्कांना आपण तोच शब्द दिला आणि गुण मोजता येऊ लागले. ‘गुणवंतांचा सत्कार’ असा फलक दिसला की आत कोण बसलंय हे विचारावं लागत नाही. उलट ‘नापास’ बघा: फारसी ‘ना’, इंग्रजी ‘पास’, घट्ट जमलेली जोडी. काही वर्षांपूर्वी दहावीच्या गुणपत्रिकेवर त्याऐवजी ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आला. हेतू चांगला होता, पण मला तो फसलेला वाटतो. जे कौशल्य शिकणं हौसेचं असू शकलं असतं, तेच नापासाचं दुसरं नाव होऊन बसलं. शब्द नवा घडवताना ही भीती असते, म्हणूनही ‘आत्मपूर्ती’ला माझा नकार.

तेव्हा निमंत्रणावर सरळ लिहा: ‘आपलं मूल कशात रमतं?’ खाली, हवं तर, ‘गुणांपलीकडचे गुण’. कोटी आहे, पण पालकसभेला चालून जाईल.

राहिलं शुद्धलेखन. ‘यशस्विता’, स्वि ऱ्हस्व. मूळ शब्द यशस्विन्. एकटा असताना आपण ‘यशस्वी’ दीर्घ लिहितो, ‘ता’ जोडला की ऱ्हस्व होतो. तेजस्वी–तेजस्विता तसंच, मनस्वी–मनस्विता तसंच. यशस् असलेला यशस्वी, मनस् असलेला मनस्वी, प्रत्यय एकच. संस्कृतात मनस्वी म्हणजे थोर मनाचा, विचारी. मराठीत तो आपल्या मनाप्रमाणे चालणारा झाला, आणि आया तो शब्द कौतुक आणि तक्रार या दोन्हींसाठी वापरतात: ‘आमचा धाकटा ना, फार मनस्वी आहे हो.’ तुमच्या सभेत हे वाक्य दोनचारदा तरी ऐकू येईल.