परवाना माणसाचा, नोंद बंदुकीची

प्रश्न : १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यावर ऑस्ट्रेलियाने अवघ्या काही दिवसांत बंदुकांचे नियम कडक केले. शेजारच्या न्यूझीलंडला मात्र त्यासाठी २०१९ पर्यंत वाट का पाहावी लागली?
— एक वाचक

उत्तर : न्यूझीलंड हातावर हात ठेवून बसला होता, असे म्हणता येणार नाही, त्याने वेगळी वाट धरली होती. जुन्या नोंदी चुकांनी भरलेल्या असल्याने तेथील १९८३ च्या कायद्याने साध्या रायफली व शॉटगन यांची एकेक करून नोंद ठेवणे थांबवले आणि सारी तपासणी परवाना मागणाऱ्या माणसावर आणली. माणूस विश्वासू ठरला की त्याच्याकडे किती बंदुका आहेत, हे विचारण्याचे कारण उरत नाही, असा त्यामागचा हिशेब होता. ऑस्ट्रेलियात पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी राज्यांशी केलेल्या करारात मात्र परवाना आणि प्रत्येक शस्त्राची नोंद या दोन्ही गोष्टी आल्या, बहुतेक अर्धस्वयंचलित (चाप ओढला की एक गोळी सुटून पुढची आपोआप भरली जाते अशा) रायफली सामान्य नागरिकांसाठी बंद झाल्या आणि स्वसंरक्षण हे बंदूक बाळगण्याचे कारण मानले जाणार नाही, हेही ठरले.

अरामोआना येथील १९९० च्या हत्याकांडानंतर न्यूझीलंडने लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांसाठी वेगळी परवानगी सक्तीची केली खरी, पण ‘लष्करी धाटणी’ कशाला म्हणायचे हे बऱ्याच अंशी मॅगझिनमध्ये किती काडतुसे मावतात यावर ठरत असे. सात काडतुसांपर्यंतची रायफल साध्या परवान्यावर मिळे आणि मोठे मॅगझिन विकत घ्यायला परवानाही लागत नसे. २०१९ मध्ये न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये ५१ जणांचे प्राण घेणाऱ्या हल्लेखोराकडे हा साधाच परवाना होता. मोठी मॅगझिने त्याने नंतर बसवली. ही फट कुणाच्या लक्षात आली नव्हती असेही नाही, कारण निवृत्त न्यायमूर्ती थॉमस थॉर्प यांनी १९९७ च्या अहवालात प्रत्येक बंदुकीच्या नोंदणीची शिफारस केली होती. ती तशीच पडून राहिली.

हल्ल्यानंतर महिन्याच्या आत संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवरची बंदी मंजूर केली. भरपाई देऊन बंदुका परत घेण्याच्या योजनेत सुमारे ५६ हजार शस्त्रे जमा झाली, तर ऑस्ट्रेलियात १९९६-९७ मध्ये हा आकडा साडेसहा लाखांच्या घरात गेला होता. पण या दोन आकड्यांची तुलना करून यशापयश ठरवणे मला घाईचे वाटते. मुळात नोंदच नसल्याने लोकांच्या घरात अशी किती शस्त्रे होती, हे न्यूझीलंडच्या पोलिसांना नेमके सांगता येत नव्हते. मग जमा झालेला वाटा मोठा की लहान, हे कशावरून ठरवणार? तेथील नवी नोंदणी जून २०२३ मध्ये सुरू झाली आणि परवानाधारकांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत मिळाली. गंमत अशी की, ऑस्ट्रेलियातही नोंदी राज्याराज्यांत विखुरलेल्याच राहिल्या आणि संपूर्ण देशाची एकच नोंदवही उभारण्याचे तेथील सरकारांनी डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केले.