‘दोन वर्षांनी त्याच गावात क्लिनिक’? आधी करार वाचा

प्रश्न : मुलगी अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी जूनमध्ये संपवतेय. मोठ्या हेल्थ सिस्टीमची (हॉस्पिटलांच्या साखळीची) ऑफर आहे, साइन-ऑन बोनससकट. तिला एका छोट्या खासगी प्रॅक्टिसमध्ये जायचंय. आम्ही म्हणतो, दोन वर्षं नोकरी कर, पेशंट जोड, मग त्याच गावात स्वतःचं क्लिनिक टाक. शुक्रवारपर्यंत सही हवी आहे. तिला समजवा.

उत्तर : नाही समजावणार. तुमच्या पत्रात बोनस आहे, मुदत आहे. तिला छोटी प्रॅक्टिस का हवी, याबद्दल अक्षर नाही. विचारलंत तरी का? शुक्रवारची मुदत वाढवून मागता येते. डॉक्टरांचे करार पाहणाऱ्या वकिलाला दाखवायचाय, एवढं कारण पुरे. त्यावरही कोणी अडून बसलं, तर त्या मालकाबद्दल तेवढ्यात बरंच कळलं.

ती जे-१ वेव्हरवर असेल (जे-१ व्हिसावरच्या डॉक्टरांना मायदेशी परतण्याच्या अटीतून मिळणारी सूट; बदल्यात तीन वर्षं ठरलेली नोकरी), तर निदान तीन वर्षं स्वतःच्या क्लिनिकचा विषयच नको.

नसेल, तर तुमची योजना बहुधा करारातच अडकेल. नॉन-कॉम्पिट कलमात ठरावीक मैल आणि ठरावीक महिने लिहिलेले असतात. तेवढ्या टापूत तिला प्रॅक्टिस करता येत नाही. ‘एफटीसीनं हे बंद केलं’ असं कोणी सांगेल; एफटीसी म्हणजे अमेरिकेचा व्यापार-स्पर्धा नियामक. तो एप्रिल २०२४चा नियम ऑगस्टमध्येच टेक्सासच्या फेडरल कोर्टानं रद्द केला. आता राज्याचा कायदा बघायचा; कॅलिफोर्नियात असं कलम चालत नाही, इतरत्र चालू शकतं. पेशंटची यादी सहसा सिस्टीमकडेच राहते. शिवाय मालप्रॅक्टिस पॉलिसी (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांचा विमा) ‘क्लेम्स-मेड’ असेल, म्हणजे पॉलिसी चालू असताना आलेलेच दावे भरणारी, तर सोडताना टेल कव्हर, म्हणजे नंतर येणाऱ्या दाव्यांसाठी वेगळा विमा, लागतं. त्याची किंमत वार्षिक हप्त्याच्या दुप्पट सहज होते. ती कोण भरणार, हे लेखी हवं. बोनस? लवकर सोडलं तर परत.

हमीचा पगारही बहुतेकदा एक-दोन वर्षांचाच. पुढे आरव्हीयू, म्हणजे प्रत्येक कामाला ठरलेले गुण, मोजतात आणि त्यावर पगार ठरतो. ९९२१४ या बिलिंग कोडच्या (जुन्या पेशंटच्या, मध्यम गुंतागुंतीच्या) एका व्हिजिटला १.९२ मिळतात, वर्षाला ४,८०० चं टार्गेट म्हणजे अशा २,५०० व्हिजिट. हा हिशेब सहीआधी करा.

छोटी प्रॅक्टिसही काही स्वर्ग नाही. विमा कंपन्यांचं क्रेडेन्शियलिंग (कागदपत्रं तपासून डॉक्टरला आपल्या यादीत घेणं) तीन-चार महिने सहज खातं, तोवर तिच्या कामाचे पैसे अडकतात. पार्टनर कधी करणार, बाय-इन (पार्टनर होताना भरायची रक्कम) किती, बिलांची वसुली किती दिवसांत होते, हे तिनं त्यांना विचारावं. तिनं, तुम्ही नव्हे.